रत्नाच्या आवाजाची फाईल

माझ्या बायकोचा आवाज एका फाईलमध्ये होता, आणि ती फाईल फक्त एका जुन्या डीएसपी साउंड कार्डावर उघडायची. आवाजावरची सगळी कारागिरी ते कार्डच करायचं, फाईलही त्याच्याच पद्धतीची. दुसऱ्या कुठल्याच कॉम्प्युटरला ती दाद देत नसे.

२००३ साली नारायणगावात माझा रेकॉर्डिंगचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक गाळा, भिंतींना गोणपाट. लग्नातल्या गाण्यांची कॅसेट करायची होती आणि गाणार होती तमाशातली ठकूबाई. तिला वाचता येत नव्हतं. म्हणून रत्ना आधी गाणं म्हणून ठेवायची आणि ठकूबाई ते हेडफोनवर ऐकून उचलायची. आधीच्या त्या कच्च्या गाण्याला आम्ही डमी म्हणायचो.

दोन वर्षांनी रत्नाच्या घशात कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढावं लागलं, बोलणं कायमचं गेलं. श्रेया तेव्हा तीन वर्षांची होती, तिला आईचा आवाज आठवतच नाही. आणि मी, साऱ्या तालुक्याचे गळे भरून ठेवणारा शहाणा, माझ्याकडे बायकोचं तेवढं एकच गाणं उरलेलं, घाण्याचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

यंदा श्रेयाचं लग्न ठरलं. आमच्या घरात हळदीला जातं फिरवत घाणा भरतात आणि त्याचं पहिलं गाणं नवरीची आई म्हणते. मी ऐटीत सांगून बसलो, "तुझ्या घाण्याला तुझी आईच गाणार!" मग माळ्यावरचा कॉम्प्युटर काढला, तर तो मेलेला. हार्ड डिस्क आणि कार्ड तेवढं धड होतं.

कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या ऋषीनं कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"ह्ये नव्या मशीनीत बसायचं न्हाई, राव. तसला स्लॉटच येत न्हाई आता. म्युझियमला द्या की!"

"म्युझियमला लाव आग. तू बसव," मी खेकसलो.

पुण्याहून जोडपट्टी मागवली. नवं विंडोज कार्डाला ओळखेना, म्हणून जुनं टाकलं. तरी मशीन मधेच बंद पडे. शेवटी ऋषीला कळलं, की एवढी मेमरी त्या जुन्या सॉफ्टवेअरला झेपत नाही. त्यानं मेमरीची एक पट्टी काढून टाकली आणि नवव्या दिवशी फाईल उघडली.

मशीन घरी आणून मी रत्नाला हाक मारली. हात पुसत ती शेजारी येऊन बसली. ट्रॅकवर तिचंच नाव होतं. मी गाणं लावलं.

"घेऊ का?"

रत्नाचा आवाज. दबका, हसरा. तिचा हात गळ्याशी गेला. मग गाणं सुरू झालं, आणि ते ठकूबाईचं होतं.

मी सगळे ट्रॅक धुंडाळले. ढोलकी होती, पेटी होती, टाळ होते, दुसरा गळा नव्हता. मग आठवलं. तेव्हा डिस्क भरत आली होती. जागा वाचवायला मी ठकूबाईला डमीच्याच ट्रॅकवर घेतलं होतं, पहिल्या ओळीपासून. डमी कोण ठेवतं? डॉक्टरांच्या दोन वर्षं आधी मीच, या हातांनी, माझ्या बायकोचा गळा पुसून टाकला होता.

रत्नानं मोबाईलवर लिहिलं, "श्रेयाला सांगू नका. हेच लावा."

"अगं, पण ह्यो ठकूबाईचा..."

तिनं लिहिलेल्या ओळीवर नुसतं बोट ठेवलं.

दोन आवाजांतला फरक कुणालाही कळला असता, म्हणून सुरुवातीचे ते दोन शब्द कापून मी गाणं वेगळं काढलं.

हळदीला ते लावलं. रत्नाची थोरली जाऊ कोंडाबाई हिला खरा गळा ठाऊक होता. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून जातं फिरवत राहिली. श्रेया रडत आईला बिलगली.

"किती गोड व्हता गं आई तुझा आवाज!"

रत्नानं मान डोलावली.

श्रेया आता शिनोलीला, सासरी असते. गाणं मोबाईलमध्ये घेऊन गेली, रोज ऐकते. परवा फोनवर म्हणाली, "आण्णा, आईचं आणखी काही असंल तर पाठवा ना."

आहे. दोन शब्द आहेत. पण ते पाठवले तर ती विचारील, ही बाई कोण?