धुलाई विभागातली बुटकी खुर्ची

मी बुटकी खुर्ची बोलतेय. खुर्ची म्हटलं की माणसांना अधिकार आठवतो, पण माझ्या वाट्याला तसलं काही आलं नाही. एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात, जिथे साऱ्या वॉर्डांच्या चादरी धुतल्या जातात, तिथे माझं आयुष्य गेलं. एवढी वर्षं मी गप्प होते. आज बोलतेय, कारण इथली माणसं बोलायची थांबलीत.

मूळची मी वरच्या मजल्यावरची, पेशंटच्या नातेवाइकांना बसायला ठेवलेली. एक पाय मोडला आणि मला खाली आणून टाकलं. तेव्हा धुलाई विभागाचे प्रमुख होते आबा. त्यांनी सुताराला बोलावलं आणि माझे चांगले तीन पाय त्या मोडक्या पायाएवढे कापायला सांगितले. सुतार म्हणाला, त्यापेक्षा एक नवा पाय लावून देतो की.

"नको," आबा म्हणाले. "बुटकीच हवी. उभ्यानं राबणाऱ्या माणसाशी बोलताना माझीच मान वर झाली पाहिजे."

रोज सकाळी आबा मला काखोटीला मारून निघायचे. आधी यंत्रांपाशी, मग इस्त्रीच्या रुळापाशी, शेवटी कपडे निवडायच्या टेबलापाशी. प्रत्येकासमोर मला ठेवायचे, बसायचे आणि विचारायचे, काय अडलंय? आबा गोडबोले मुळीच नव्हते. उशीर झाला तर असे खडसावायचे की यंत्रांचा आवाज कमी वाटावा. पण कुणी सांगितलेली गोष्ट ते विसरायचे नाहीत. काम झालं तर येऊन सांगायचे, आणि नाही झालं तरी येऊन सांगायचे.

निवडायच्या टेबलावर वहिनी असायची. तिचा नवरा वरच्या वॉर्डात कामाला होता, म्हणून ती सगळ्यांचीच वहिनी. वॉर्डातून आलेली गाठोडी सोडायची, रक्ताचे कपडे वेगळे, साधे वेगळे, असं तिचं काम. गाठोड्यात काहीही निघायचं. एकदा कुणाची तरी कवळी निघाली. वहिनीनं ती उकळून वर पाठवली, तर आजोबांचा निरोप आला की आता पहिल्यापेक्षा छान बसते. इस्त्रीच्या रुळावरचा वाफ्या, दिवसभर वाफेत उभा असल्यामुळे पडलेलं हे नाव, तो त्यावर आठवडाभर हसत होता. पण कधीकधी इंजेक्शनची सुई निघायची. मग आबा ती डबीत घालून तडक मेट्रन बाईंकडे जायचे आणि भांडून यायचे. पुढे बरेच दिवस सुई दिसायची नाही.

आबा निवृत्त झाले आणि नवे साहेब आले. तरुण, सभ्य, तळमळीचे. त्यांच्याबद्दल वाईट बोलायला माझी जीभ धजत नाही. पण त्यांना वाटायचं, उत्साह हा नळाच्या पाण्यासारखा असतो, वरून सोडला की खाली येतो. त्यांनी भिंतीवर "आपण सारे एक कुटुंब" असं लिहून घेतलं. गाणी लावायला स्पीकर आणला. चांगलं काम करणाऱ्याला सोनेरी तारा द्यायला सुरुवात केली. पहिला तारा वाफ्याला मिळाला. तो म्हणाला, पहिलीत असताना बाईंनी दिला होता, त्यानंतर आज. सगळे हसले. साहेबांना वाटलं, लोक खूश आहेत.

मला त्यांनी कोपऱ्यात सरकवलं. माझ्यावर धुण्याच्या सोड्याचा डबा आला.

एक दिवस वहिनीनं साहेबांना सांगितलं की या महिन्यात अकरा सुया निघाल्या. साहेबांनी मन लावून ऐकलं आणि तिला एक छापील नमुना दिला. यात लिहून द्या, मी वर पाठवतो, म्हणाले. वहिनीनं एकामागून एक सात नमुने भरून दिले. एकाचंही उत्तर आलं नाही. साहेबांना वाटायचं, पाठवलं म्हणजे आपलं काम झालं. त्यानंतर सुई निघाली तेव्हा वहिनीनं नमुना मागितलाच नाही.

आणि मग एका सकाळी एक सुई तिच्या हातमोज्यातून आरपार बोटात गेली.

साहेब धावत आले. त्यांनी स्वतः तिला डॉक्टरांकडे नेलं, हे खरं आहे. पण निघताना त्यांच्या तोंडून गेलं, "मोजे घातले होते ना?"

घाबरून विचारलं असेल, कागदावर लिहायला लागतं म्हणूनही असेल. पण इथल्या प्रत्येकानं ते ऐकलं. वहिनीनं बोट घट्ट धरलं आणि ती त्यांच्यामागून चालू लागली.

सुईतून कसला आजार लागलाय का, ते पाहायला रक्त तपासलं. सहा आठवड्यांनी पुन्हा, आणि तीन महिन्यांनी शेवटचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. तोवर वाट पाहायची.

त्या दिवसापासून इथलं काहीतरी मेलं. कुणी भांडलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. माणसं भांडतात तोवर काळजी नसते हो, तोवर त्यांना आशा असते. आता जो तो सांगितलं तेवढं करायचा, वेळ झाली की हात पुसून निघायचा. घड्या घालणाऱ्या दोघी बहिणी आधी सोडून गेल्या, मग यंत्रावरचे दोघं. वरून फोन यायला लागले, ऑपरेशनचे गाऊन कुठे आहेत, चादरी का नाहीत. साहेबांनी सगळ्यांसाठी केक मागवला. तो संध्याकाळपर्यंत तसाच राहिला, कुणी सुरी लावली नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझ्यावरचा डबा उतरवला आणि मला वहिनीसमोर ठेवून ते बसले. त्यांचं वजन मला पहिल्यांदाच कळलं. फार नव्हतं.

"वहिनी, काय केलं तर तुम्हा लोकांचं कामात मन लागेल?"

वहिनी चादर झटकत राहिली. मग म्हणाली, "आमचं मन लावायला तुम्ही येऊ नका साहेब. ते आमचं आम्ही लावत होतो. तुम्ही सुया थांबवा."

साहेब वर गेले. तासाभरानं परत आले ते चेहरा पाडूनच. मेट्रन बाईंनी सांगितलं होतं की वर परिचारिकाच अपुऱ्या आहेत, प्रत्येक चादर झटकायला वेळ कुणाला आहे? "मला पुढे बोलता आलं नाही," साहेबांनी कबूल केलं. वाफ्यानं रूळ बंद केला. म्हणाला, मग उद्या परत जा. ते दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशीही गेले. चौथ्या दिवशी वरून त्यांनाच चादरींचा हिशेब विचारला गेला, आणि त्यांचं जाणं थांबलं.

वहिनीचा शेवटचा रिपोर्ट आला. काही निघालं नाही. वाफ्यानं तोंड फिरवून डोळे पुसले. साहेब तर रडलेच. त्यांना वाटलं, सुटलो आता. दुसऱ्या दिवशी वहिनी राजीनामा घेऊन आली.

साहेबांनी तिला विनवलं. आता तर सगळं ठीक आहे, म्हणाले.

"तीन महिने मी लेकीला माझ्या ताटातला घास दिला नाही," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणत होते, तसं काही होत नाही. तरी हात पुढे होईना. तुम्ही वाईट नाही साहेब. पण पुन्हा भरवसा ठेवायचा तर अंगात बळ लागतं, ते माझ्यात उरलं नाही."

तिनं मोजे धुऊन, सुलटे करून टेबलावर ठेवले आणि ती गेली.

त्याला आता बारा दिवस झाले. वाफ्या आणि आणखी दोघं, एवढेच उरलेत. निवडायला माणूस मिळत नाही, म्हणून साहेब स्वतः टेबलापाशी उभे राहतात. आज दुपारी एका उशीच्या अभ्र्यातून सुई निघाली. साहेबांनी ती चिमट्यात धरली, आणि ते माझ्यावर बसले. कधीचे बसलेत. वरून आलेला फोन वाजतोय. वाफ्या रूळ थांबवून त्यांच्याकडे बघतोय. त्याच्या खिशातून एका कागदाचं टोक डोकावतंय. तो कसला असेल, याची मला भीती वाटते.

माणसांना बसवणं एवढंच मला येतं. पण हात असते तर आज मी या माणसाला ढकलून उभं केलं असतं. साहेब, ती सुई घ्या आणि वर जा. नाही म्हणतील, तर दारात उभे राहा. हाकलतील, तर खाली येऊन वाफ्याला तसं सांगा आणि पुन्हा जा. वाफ्या अजून इथे आहे. त्यानं तो कागद अजून तुमच्या हातात दिलेला नाही.

उठा.