कावळ्यांनी पास केलेला शर्ट

उन्हापासून अंग झाकणारे शर्ट आम्ही शिवतो. यंदा मालकांना शर्ट पांढऱ्या डोक्याच्या गरुडासारखा हवा होता. अंगभर तपकिरी पिसं, पांढरीशुभ्र टोपी आणि कपाळावर पिवळी चोच. कापड बेतते मी. तीनदा नमुना दिला आणि तीनदा मालकांनी नाक मुरडलं. "बाई, खरा वाटत नाही. कोंबडी वाटते."

कोंबडी! माझं डोकंच फिरलं. चौथ्या खेपेला मी एकेक पीस जीव ओतून बसवलं, बाह्यांखाली पंख सोडले. मालक खूश. नमुना अंगात घालून भर दुपारी स्वतःच तळ्यावर मासे धरायला गेले.

तासाभरात धावतच परत आले. चोच वाकडी, खांदे शिटांनी माखलेले आणि दाराबाहेर पन्नासेक कावळ्यांचा कालवा.

"ऊन जरासुद्धा लागलं नाही," ते धापा टाकत म्हणाले, "पण या कावळ्यांनी टोचून टोचून जीव नकोसा केला! नमुना नापास!"

मी कात्री खाली ठेवली.

"मालक, कावळे कोंबडीवर असे तुटून पडत नाहीत, गरुडावर पडतात. पन्नास जणांनी पास केलाय. तुम्ही एकटे कोण नापास करणारे?"