कयाकवरची इलॅस्टिकची दोरी

मी कयाकवरची दोरी बोलतेय. होडीच्या पाठीवर फुलीसारखी ओवलेली, काळी, लाल ठिपक्यांची. वल्ह्याचं कौतुक सगळे करतात, पण पाण्याची बाटली, टोपी आणि राखीव वल्हं सांभाळते ती मी.

हावड्यातल्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. आत रबराचे तंतू, वर विणलेलं आवरण. ताणलं की लांब व्हायचं, सोडलं की आपल्या मापात परतायचं, एवढीच माझी विद्या.

मला विकत घेतलं बेहालाच्या जयप्रकाश दातारांनी. बदलीवर कोलकात्याला आलेले हे बँक अधिकारी जुनी कयाक घेऊन मुलीला, ऋताला, तळ्यात वल्हवायला शिकवत होते. त्यांच्या पत्नीने, प्रेमलताबाईंनी, मला कड्यांमधून ओवलं. परकरात नाडी घालणारा सराईत हात तो. बेताचा ताण ठेवला आणि दोन्ही टोकांना एकेकच गाठ मारली.

चार उन्हाळे खाल्ले आणि मी सैलावले. पण जयप्रकाशराव म्हणजे मिष्टी दोईची, म्हणजे तिथल्या गोड दह्याची, रिकामी मडकीसुद्धा धुऊन ठेवणारा माणूस. दर वेळी ते मला ओढून आणखी एक गाठ मारत.

"बाबा, ही लूज झाली आहे. नवी घेऊ ना," ऋता म्हणायची.

"काय धाड भरलीय हिला? अजून पाच वर्षं जाईल."

पाच गाठींनी मी घट्ट दिसत होते. ताण मात्र माझ्यात उरला नव्हता, आणि हे सांगायला मला तोंड नव्हतं.

गेल्या रविवारी ऋता पहिल्यांदाच नदीत उतरणार होती. बजबजचा घाट, ओहोटीची ओढ. हातातलं वल्हं निसटलं, तर माझ्याकडचं राखीव वल्हंच तिचा आधार. मला भीती वाटत होती.

जयप्रकाशरावांनी कयाक घोट्याएवढ्या पाण्यात ढकलली. लाँचची एक लाट आली. मानापायी मी आणखी थोडा वेळ तग धरला असता. पण नदीच्या मध्यावर हार मानण्यापेक्षा इथेच मानलेली बरी. मी वल्हं सोडून दिलं.

ते वाहू लागलं. जयप्रकाशराव पँटसकट मांडीभर पाण्यात धावले आणि वल्हं घेऊन ओलेचिंब परतले. ऋताचा चेहरा उतरला. आज जायचं रद्द, असंच तिला वाटलं.

प्रेमलताबाईंनी पर्समधून नवी दोरी काढली. "महिन्यापूर्वीच आणलीय. तुम्ही हो म्हणायची वाट बघत होते."

"चुकलंच माझं," ते म्हणाले आणि चाकूने माझ्या गाठी त्यांनी स्वतःच कापल्या. नवी दोरी प्रेमलताबाईंनी ओवली.

ऋता गेली तेव्हा मी जयप्रकाशरावांच्या ओल्या खिशात होते. तासाभराने घाटावरून प्रेमलताबाईंचा आवाज आला, "आली बाई. वल्हंही आहे जागेवर." इतकं हायसं मला कधीच वाटलं नव्हतं.

आता जयप्रकाशराव मला रोज खिशातून काढतात, ताणून बघतात, पुन्हा ठेवतात. अहो, टाका मला. पोर सुखरूप परतली, माझं काम झालं.