दोन इंच

जीप दगडावर बसली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. उंबरदऱ्याची चढण निम्मी सरली होती. नवनाथने पुढची चाकं दगडावरून हळूच खाली घेतली, आणि पोटाखालून लोखंड दगडावर घासल्याचा आवाज आला. मग मागची चाकं नुसतीच गरगरत राहिली. धुरळा उडाला. जीप काही हलेना.

२००४ सालचा जानेवारी होता. जीपमध्ये पोलिओच्या लसीचा डबा होता, आरोग्य केंद्रातल्या स्नेहा सिस्टर होत्या, आणि डबा उचलायला भागू नावाचा मदतनीस. डोंगरातल्या चार वाड्यांना डोस द्यायचे होते. त्या कामासाठी आरोग्य केंद्राने नवनाथची जीप लावली होती. एरवी ती जुन्नरच्या स्टँडबाहेरून पश्चिमेकडच्या गावांना माणसं वाहायची.

"किती वेळ लागेल?" स्नेहा सिस्टरनी विचारलं.

"अर्धा तास," नवनाथ म्हणाला. त्याला अंदाज नव्हता, पण काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं.

सिस्टरनी दहा मिनिटं वाट पाहिली. मग डबा भागूच्या खांद्याला अडकवला आणि दोघं पायवाटेने निघून गेली. नवनाथने जॅक लावला, चाकांखाली दगड भरले, पुन्हा काढले. जीप सुटली तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. तोवर सिस्टरच्या तीन वाड्या झाल्या होत्या. चौथी, खुद्द उंबरदऱ्याची, राहिली. डब्यातला बर्फ वितळला होता, उरलेली लस देता येणार नव्हती. त्या वाडीत अकरा पोरं होती.

परतताना स्नेहा सिस्टरनी वहीत लिहिलं, 'वाहन नादुरुस्त.' नवनाथने ते आरशातून पाहिलं. वाहन नादुरुस्त नव्हतं. ते ठेंगणं पडलं होतं.

पुढची फेरी सहा आठवड्यांनी होती.

ते सहा आठवडे नवनाथ नीट असा कुठे बसला नाही. चहाच्या टपरीवर उभ्याउभ्याच चहा प्यायचा. जेवता जेवता उठून जीपखाली वाकून बघायचा. रस्त्यात कुठे उंच गाडी दिसली की मान वळवून, ती वळणाआड जाईपर्यंत पाहत राहायचा. बायको आरती म्हणाली, "तुमच्या अंगात मुंग्या भरल्यात जनू."

त्याचा धाकटा भाऊ जानकू हे सगळं पाहत होता. जानकू अडीच वर्षांचा असताना त्याला ताप आला आणि डावा पाय गेला. त्या काळी त्यांच्या गावात लस घेऊन कुणी आलंच नाही. आता तो तीस वर्षांचा होता आणि रोज नवनाथच्या शेजारी जीपमध्ये बसायचा. स्टँडवर गावांची नावं पुकारायचा, माणसं दाटीवाटीने बसवायचा, म्हाताऱ्यांच्या पिशव्या मांडीवर घ्यायचा. जीपमध्ये चढायची त्याची एक रीत होती. दाराच्या दांडीला धरायचं, बारीक पायावर क्षणभर उभं राहायचं, तेवढ्यात चांगला पाय फूटबोर्डवर टाकायचा आणि अंग आत ओढून घ्यायचं. गेली दहा वर्षं तो असा चढत होता. त्याला कुणी हात दिलेला त्याला चालत नसे.

फेब्रुवारी लागला तेव्हा पुण्याची चार-पाच पोरं नाणेघाटाकडे आपापल्या जीपा घेऊन आली. त्यातल्या ऋषीची जीप बघून नवनाथ टपरीवरून उठून थेट तिच्याजवळ गेला. ती जीप इतकी उंच होती की खालून न वाकता कुत्रं पळालं असतं. ऋषी एका कंपनीत इंजिनिअर होता. बोलायला मोकळा होता. त्याने नवनाथला खाली वाकून सगळं दाखवलं.

"हे लिफ्ट किट, गाडी उंच करायचं. पूर्वी माझ्याकडे साधं होतं, पाच इंचांचं. लांब शॅकल, म्हणजे स्प्रिंगचे पाटे टांगायच्या कड्या, आणि लोखंडी ठोकळे. ते काढून घरी ठेवलंय. हवं असेल तर घेऊन जा, नवनाथभाऊ. माझ्या गॅलरीत गंजतंय नुसतं."

"खरंच देता का?"

"खरंच. पण आधी रिकामी चालवून बघा. टपावर वजन घेऊ नका. आणि पाइप तपासा, ब्रेकचे."

नवनाथने निम्मंच ऐकलं. त्याच्या डोक्यात फक्त पाच इंच राहिले.

दोन दिवसांनी एसटीने पुण्याला जाऊन त्याने ते किट गोणपाटात बांधून आणलं आणि परतल्यावर लगेच जीप काढून ओतूरला नानासाहेबांच्या गॅरेजला गेला. नानासाहेब साठीला टेकलेले मिस्त्री. नवनाथची जीप लष्कराच्या लिलावातून आली तेव्हापासून तेच बघत होते. नवनाथकडून सगळं ऐकत त्यांनी गोणपाट उघडलं, एक शॅकल हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं आणि परत ठेवून दिलं.

"मी न्हाई लावनार हे."

"का?"

"तुझ्या गाडीत माणसं बसत्यात, म्हनून. त्या पावण्याच्या गाडीत तो एकटा बसतो." ते जीपखाली शिरले. थोड्या वेळाने आतूनच म्हणाले, "कुठं लागलं व्हतं ते दाव."

नवनाथ आडवा होऊन शेजारी सरकला. गिअरबॉक्सखालच्या आडव्या पट्टीवर ताजा ओरखडा होता, बोटभर रुंदीचा. एका टोकाला पट्टी जराशी वाकली होती.

"मागच्या चाकांमधला गोळा न्हाई लागला," नानासाहेब म्हणाले. "गोळा लागला असता तर पाटे उचलून काय उपेग न्हवता. तो चाकाबरुबरच ऱ्हातो, त्याला मोठं टायरच लागतं. लागली ती पट्टी, आन् तीबी जराशीच. आता हे पाटे बघ. सपाट झालेत का न्हाई? तुझी गाडी ठेंगणी न्हाई रं, बसलीय. दहा वर्सं माणसं वाह्यली तिनं. पाट्यांना नवी कमान मारू, एक पाटा वाढवू. दोन इंच मिळत्याल. बास झालं तेवढं."

"दोन इंचानी काय व्हतंय, नाना? अकरा पोरं राह्यली तिथं."

"पाच इंचानी गाडी पडली तर जास्ती राहत्याल."

नवनाथ चिडला. गोणपाट उचललं आणि बाहेर पडला. नारायणगावच्या रस्त्याला एक वेल्डिंगवाला होता. त्याने काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत जीप पाच इंच वर गेली.

घरी येताना नवनाथला लई बरं वाटत होतं. एसटीचा ड्रायव्हर आता त्याला समोरासमोर दिसत होता. फक्त चाळीसच्या पुढे गेलं की पायाखाली थरथर जाणवायची, आणि वळणावर गाडी एका बाजूला झुकून सावकाश सरळ व्हायची. सवय होईल, असं त्याने स्वतःला सांगितलं.

सकाळी जानकू जीपपाशी आला. दांडी धरली. बारीक पायावर उभा राहिला, चांगला पाय उचलला, तो फूटबोर्डच्या कडेला आपटून खाली आला. पुन्हा उचलला. यावेळी बारीक पाय गुडघ्यात वाकला आणि त्याला दाराला धरून उभं राहावं लागलं. नवनाथ स्टिअरिंगवर होता. हात द्यावा की न द्यावा हे त्याला कळेना.

"तू हो म्होरं, दादा," जानकू म्हणाला. "मला आज पंचायतीत काम हाय."

दुसऱ्या दिवशी त्याचं डोकं दुखत होतं. तिसऱ्या दिवशी नवनाथ उठायच्या आतच तो घराबाहेर पडला होता. नवनाथ स्टँडवर एकटाच पुकारायचा, पण त्याचा आवाज लांब जात नसे. साळुबाई नावाची एक म्हातारी दर आठवड्याला भाजी घेऊन यायची. तिने जीपकडे वर पाहिलं, पाटी डोक्यावर तशीच ठेवली आणि म्हणाली, "मी येष्टीनं जाते, बाबा. ही माडी कुनी चढावी?" आणि खरंच निघून गेली.

नवनाथला कशातच चैन पडेना. त्या दुपारी त्याने मागे कांद्याच्या सहा गोण्या टाकल्या, दोन टपावर बांधल्या आणि एकटाच उंबरदऱ्याकडे निघाला. फेरीला पाच दिवस राहिले होते. एकदा चढून दाखवली की बाकी सगळं आपोआप जाग्यावर येईल, असं त्याला वाटत होतं.

तो दगड खरंच पोटाखालून गेला. साधा स्पर्शसुद्धा झाला नाही. नवनाथने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं आणि पुढे घेतली. त्याच्या पुढे वाट दरीच्या बाजूला कलंडती होती. पाटे बसायच्या आधी तिथून तो कितीतरी वेळा गेला होता. जीप कलली, आणखी कलली, आणि डोंगराकडचं मागचं चाक जमिनीवरून उचललं गेलं. टपावरच्या गोण्या दोरीत करकरल्या. नवनाथने ब्रेक दाबून धरला. खिडकीतून खाली करवंदीची झुडपं आणि त्याखाली मोकळी हवा दिसत होती.

तो तसाच बसून राहिला. अंग जरा हललं तरी गाडी हलत होती. आत आपल्याबरोबर बारा माणसं असती, सिस्टर असत्या, असं त्याच्या मनात आलं. आणि मग जानकू. जानकूला तर उडी मारून बाहेरही पडता आलं नसतं. त्याने हळूहळू, इंचाइंचाने गाडी मागे घेतली. चाक टेकलं. तो खाली उतरला. दोरी सोडून टपावरच्या दोन्ही गोण्या त्याने तिथेच खाली लोटून दिल्या.

तो घरी न जाता तसाच ओतूरला गेला. नानासाहेबांनी जीपकडे पाहिलं, मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"उद्या सकाळी ये," ते म्हणाले. "आन् जानकूला घेऊन ये."

"त्याला कशाला?"

"माप घ्यायचंय."

जानकू यायला तयार नव्हता. नवनाथने सांगितलं की नानांनी बोलावलंय, तेव्हा तो एसटीने आला. तोवर नानासाहेबांनी ठोकळे आणि शॅकल काढून टाकले होते. पाटे सोडून, तापवून, त्यांना नवी कमान देण्याचं काम दोन दिवस चाललं. जानकू रोज येऊन एका टायरवर बसायचा. नवनाथशी तो कामापुरतंच बोलायचा.

तिसऱ्या दिवशी जीप पुन्हा चाकांवर उभी राहिली. नानासाहेबांनी फूटबोर्डपासून जमिनीपर्यंत मोजपट्टी लावली. कमान मारल्याने जीप पूर्वीपेक्षा इंचभर वर आली होती.

"चढ," ते जानकूला म्हणाले.

जानकू चढला. उतरला. नानासाहेबांनी चासीखाली जॅक लावून आणखी एक इंच उचलली. "चढ." जानकूने दांडी जरा वर धरली आणि चढला. आणखी एक इंच. यावेळी बारीक पाय थरथरला, पाय फूटबोर्डवर गेला, पण जानकूला दोनदा ओढ घ्यावी लागली.

"ह्ये न्हाई जमत," जानकू स्वतःच म्हणाला. "आधीचं बरं व्हतं."

"मग दोन," नानासाहेब म्हणाले आणि वाढीव पाटा आणायला आत गेले.

"खाली एक पायरी लावली तर?" ते बाहेर आल्यावर नवनाथने विचारलं. "मग तीन करता येतील."

"पयल्या दगडाला मोडंल ती. आन् मोडली की हा जमिनीवर." नानासाहेबांनी पाटा खाली ठेवला. "पट्टीला दगड किती लागला व्हता? एक बोट. दोन इंचात तो जातो. बाकीचं चाक कुठनं घ्यायचं, ह्यावर हाय. ते तुला एकट्याला गाडीत बसून दिसनार न्हाई."

त्यांनी ब्रेकचे पाइप बदलले, पाट्यांचे बोल्ट पुन्हा आवळले आणि जीप शंभर किलोमीटर चालवून परत आणायला सांगितली. ती परत आणली तेव्हा बोल्ट खरंच सैल झाले होते; ते त्यांनी पुन्हा आवळले.

फेरीच्या दिवशी स्नेहा सिस्टर जीपभोवती एक चक्कर मारून आत बसल्या. "काय केलंत हिला? फारसं काही दिसत नाही," त्या म्हणाल्या.

"फारसं केलं न्हाई," नवनाथ म्हणाला.

तरी चढण येईपर्यंत त्याचे हात स्टिअरिंगवर सारखे सरकत होते. दगडाच्या अलीकडे जानकू म्हणाला, "थांबव." तो उतरला, गुडघ्यावर हात ठेवत पुढे गेला आणि वळून उभा राहिला. मग हाताने दाखवायला लागला. डावीकडे. अजून. आता सरळ. नवनाथला दगड दिसत नव्हता, फक्त भावाचा हात दिसत होता. खालून एकदा खरखर झाली. नवनाथचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"थांबू नगं," जानकू ओरडला. "येऊ दे."

जीप आली. कलत्या जागेवर ती फक्त कलली. चारही चाकं जमिनीवर राहिली.

उंबरदऱ्याच्या वाडीत ते साडेदहाला पोचले. बायका पोरांना काखेत घेऊन बाहेर आल्या. एकाने डोस थुंकला, त्याला पुन्हा द्यावा लागला. धोंडाबाई म्हणून एक आजी नातवाला घेऊन घरात कडी लावून बसली होती. गेल्या वेळी कुणी आलं नाही, आता कशाला आले, असं तिचं म्हणणं होतं. स्नेहा सिस्टरनी दाराबाहेरून पुष्कळ समजावलं. शेवटी जानकू दारापाशी गेला. त्याने आजीला काय सांगितलं ते नवनाथला ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळाने कडी निघाली.

परतीच्या वाटेवर सिस्टर आणि भागू मागे पेंगत होते.

"पाच इंच केली तेव्हा तू काय बोलला न्हाईस," नवनाथ भावाला म्हणाला. "एक शब्द टाकायचा."

जानकू बाहेर बघत राहिला. खाली माणिकडोह धरणाचं पाणी उन्हात पांढरं दिसत होतं.

"तू इचारलं न्हाईस, दादा. त्या पुन्याच्या पावण्याला इचारलंस, नानाला इचारलंस, वेल्डिंगवाल्याला इचारलंस. धा वर्सं मी तुझ्या शेजारी बसतुया."

नवनाथने गिअर बदलला. समोरून बैलगाडी येत होती, तिला वाट दिली.

"चुकलं," तो म्हणाला.

जानकूने मान हलवली. थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, "त्या दगडाच्या उजव्या अंगाला आनखी जागा हाय. म्होरच्या फेरीला तिकडनं घेऊ."

"कुठनं?"

"आल्यावर दावतो. हितनं सांगून तुला कळायचं न्हाई."