एका माणसाची गाडी

लिंडक्विस्टसाहेबांनी आखलेली कचरागाडी कारखान्यातून आली तेव्हा तिला नव्या रंगाचा वास होता. तो टिकणार नाही हे आम्हाला ठाऊक होतं. कारखान्यात तिची चाचणी कोरडे खोके आणि रद्दी भरून घेतली होती. ऑगस्टात लॉस एंजेलिसचे लोक खोके टाकत नाहीत. कलिंगडाच्या साली, कोंबडीची आतडी आणि बाळांचे लंगोट टाकतात.

क्रिकोरकाका माझ्या बायकोचे काका. आम्हा आर्मेनियन लोकांत कचऱ्याचं काम नात्यागोत्यातच चालतं. काकांनी उघड्या ट्रकला शिडी लावून पाठीवरून पिंपं चढवली होती. मग मागून भरायच्या गाड्या आल्या, आणि आता ही, बाजूने भरायची. केबिनमागच्या तोंडातून कचरा टाकायचा, पोलादी पाटी तो मागे रेटणार. चालकाने उजवीकडे, फुटपाथच्या बाजूला, उभ्यानेच गाडी हाकायची, उतरून डबा उपडा करायचा आणि परत चढायचं. एक माणूस पुरे. म्हणजे माझ्या गाडीवरचा दुसरा माणूस, काका, घरी.

पालिकेच्या पर्डीसाहेबांना गाडी पसंत पडली, की काकांची नोकरी जाणार होती. त्या वयात त्यांना दुसरीकडे कोण घेणार? तरी चाचणीच्या सकाळी काका माझ्याबरोबर आले.

"नीट चालव, वाहान," म्हणाले. "माझ्यासाठी मुद्दाम वेडंवाकडं करू नकोस."

गाडी झकास चालली, याचीच मला चीड आली. पर्डीसाहेब मागच्या मोटारीतून बघत होते आणि लिंडक्विस्ट त्यांच्या कानाशी लागले होते. दुपारी मात्र पाटी अडली, परत पुढे येईना. ओला कचरा कडेच्या फटीतून निसटून तिच्या नि केबिनच्या मध्ये साचला होता. सडक्या सालींचं पाणी केबिनच्या तळाशी झिरपून माझ्या बुटांत शिरलं. त्यात अळ्या होत्या.

अशा वेळी आमची रीत ठरलेली, जुन्या गाड्यांपासूनची. पाटी पार मागे रेटायची, एकाने लिव्हर दाबून धरायचं आणि दुसऱ्याने आत शिरून खरवडायचं. दाबलेला कचरा पाटीला उलटा ढकलत असतो. लिव्हर सुटलं की आतला माणूस चिरडलाच. लिव्हर धरणारा तेवढा वेळ कुणाशी बोलतही नाही.

काका लिव्हरपाशी उभे राहिले. मी आत गेलो, हातांनी घाण उपसली आणि बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला ओकलो.

पर्डीसाहेबांनी नाकावर रुमाल धरला. "गाडीवर एकटाच माणूस असेल, तेव्हा ते लिव्हर कोण धरणार?"

लिंडक्विस्ट तयारीत होते. त्यांनी मोटारीतून एक लाकडी दांडकं काढलं. "हे पाटीला टेकू म्हणून लावायचं. प्रत्येक गाडीबरोबर एक देऊ."

माझं डोकं फिरलं. "मग लावा की साहेब. उरलेली घाण आत आहेच. तुम्ही शिरा."

"वाहान, गप," काका लिव्हर धरूनच पुटपुटले.

पण लिंडक्विस्टना पर्डीसाहेबांसमोर माघार घेता येईना. त्यांनी कोट काढून माझ्या हातात दिला आणि आत वाकून दांडकं अडकवलं. चिकट घाणीत ते बोटभर सरकलं. काकांनी लिव्हर सोडायला हात उचलला, तसे लिंडक्विस्ट पांढरेफटक पडले.

"थांबा हो, सोडू नका," ते म्हणाले. "आधी कुणीतरी तिथे उभं राहू दे."

सगळ्यांनी ते ऐकलं. काकांनी हात परत लिव्हरवर ठेवला. माझ्या जिवात जीव आला. मला वाटलं, झालं, काकांची नोकरी वाचली, आता एकट्याची गाडी घ्यायचं नाव कोण काढतंय?

लिंडक्विस्ट मागे सरले. मी त्यांचा कोट त्यांच्या अंगावर फेकला.

पर्डीसाहेबांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला.

"बारा गाड्या पाठवा," ते म्हणाले. "दांडकी मात्र चौदा द्या. एखाद-दुसरं मोडेल."