अनशापोटीचं दूध

आम्ही दोघी बहिणी, आणि दोघींत शहाणी मी, हे मीच ठरवून टाकलं होतं. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, पण आई गेल्यापासून घरात हुकूम माझा. माझं कपडे आल्टर करायचं छोटं दुकान आहे. लोकांच्या पँटी आखूड करता करता तुला माणसंही आखूड करायची सवय लागली, असं ताई म्हणायची.

ती बसस्थानकावर घोषणा करायची. बावीस वर्षं काचेच्या खोलीत बसून, समोर वेळापत्रक आणि हाताशी माइकचं बटण. तिचा आवाज खणखणीत, पण त्यात धाक नव्हता. फलाटावर रडणारं पोरही क्षणभर थांबून वर बघायचं. घरात मात्र ती अगदी हळू बोलायची. आवाज कामाचा आहे, घरी कशाला झिजवू, म्हणायची.

गेल्या वर्षी तो आवाज जड झाला. आधी सर्दी वाटली. मग भर उन्हात ती स्वेटर घालू लागली, चेहरा सुजला, कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागले. बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर टाकून ती भिंतीकडे बघत बसायची. तपासणीत थायरॉईड निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरू नका, गोळीने आवाज पूर्ववत होईल, फक्त रोज सकाळी अनशापोटी घ्यायची. मान ताईने नाही, मी डोलावली.

आता आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. आई आम्हाला उठल्याउठल्या पेलाभर दूध द्यायची आणि रिकाम्या पोटी प्यायचं म्हणून त्याला आमच्याकडे 'अनशापोटीचं' म्हणत. अनशापोटीचं घेतलंस का, म्हणजे दूध प्यायलीस का. दूध पोटात जाणं म्हणजे काही खाणं, असं आई धरतच नसे. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी तो शब्द उच्चारला आणि माझ्या डोळ्यांसमोर पेला उभा राहिला. दुसऱ्या दिवसापासून एका हातात गोळी, दुसऱ्या हातात दूध. वर हाडांसाठी म्हणून कॅल्शियमची पूड दोन चमचे ढवळून. ताईने पेला रिकामा करेपर्यंत मी समोरून हलत नसे.

त्याच सुमारास स्थानकावर नवीन यंत्र येणार असं ठरलं. सगळ्या घोषणा एकाच आवाजात एकदा रेकॉर्ड करायच्या, पुढे यंत्रच बोलणार. कुणाचा आवाज घ्यायचा, त्याची चाचणी चार महिन्यांनी होती. नोकरी कुणाचीच जाणार नव्हती, बाकीच्यांना दुसरीकडे बसवणार होते. पण ताईने त्या चाचणीचा ध्यास घेतला. यंत्र बोलू दे, पण माझ्या तोंडाने बोलू दे, एवढंच तिचं म्हणणं. ती कधी काही मागत नाही, म्हणून मी ते फार मनावर घेतलं.

दोन महिन्यांनी रक्त तपासलं तर आकडा उतरायच्या ऐवजी चढलेला. डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली आणि विचारलं, रोज घेता ना? मला रागच आला. एक दिवस चुकला असेल तर सांगा, म्हटलं. माझ्या दुकानाशेजारी इस्त्रीवाली आहे, उंटावरची शहाणी. ती म्हणाली, कोबी खाते का तुझी बहीण? थायरॉईडला कोबी म्हणजे विष. झालं, घरात कोबी बंद. आणि ताईचा तर कोबीवर जीव. मिरपूड टाकून परतलेला कोबी ती कढईतूनच उचलून खायची.

चाचणीला पंधरा दिवस उरले असताना मी दुपारी तिचा डबा घेऊन स्थानकावर गेले, तर ती कँटीनच्या कोपऱ्यात बसून कोबी खात होती. चोरून, पाठ दाराकडे करून. मी चारचौघांत म्हणाले, "आवाज परत नकोय का तुला?" तिने ताटली बाजूला सारली. कँटीनवाला टेबल पुसायच्या निमित्ताने ती उचलून घेऊन गेला.

चाचणीत ताईचा आवाज तिसऱ्या वाक्याला बसला. दोन वर्षांपूर्वी लागलेल्या मुलीची निवड झाली. ताईला हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसवलं. तिथे छत्र्या, एकेकटे हातमोजे, कुणाची तरी कवळी. मी आठवडाभर कोबीच्या नावाने खडे फोडत होते, आणि ताई ऐकून घेत होती.

मग पुन्हा तपासणी. रक्त घेणाऱ्या नर्सबाईंनी सुई काढता काढता सहज विचारलं, गोळी कशाबरोबर घेता? मी अभिमानाने सांगितलं. त्या थांबल्या. दूध आणि त्यात कॅल्शियम, म्हणाल्या, मग गोळी अंगी लागणार कशी? ती नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, दूध नाही, चहा-कॉफी नाही. न्याहारी तासाभराने, आणि कॅल्शियम तर चार तासांनी. डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं, आणि हे आधी विचारायला हवं होतं असंही म्हणाल्या. मी कोबीचं विचारलं. शिजवलेला, घरात खातो तेवढा, त्याने तुमच्या ताईंना काही होत नाही, म्हणाल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि चोराला रोज सकाळी मीच पेल्यात ओतत होते.

पाण्याबरोबर गोळी सुरू झाली. तीन महिन्यांत आकडा खाली आला, सूज उतरली, आणि आवाजही परत आला. अगदी पहिल्यासारखा. पण यंत्रात भरलेला आवाज काही बदलणार नव्हता.

काल मी डबा घेऊन त्या खोलीत गेले. डब्यात कोबी होता. बाहेर त्या मुलीचा आवाज फलाट क्रमांक सांगत होता. ताई एका छत्रीला चिठ्ठी बांधत होती. इतके दिवस जे जिभेवर येऊन परत जात होतं, ते मी बोलून टाकलं. "ताई, दूध मी दिलं. माझ्यामुळे गेलं सगळं."

तिने चिठ्ठीची गाठ मारली. "मला दूध कधीच आवडलं नाही," ती म्हणाली. "लहानपणीसुद्धा नाही. आई गेली तेव्हा दुःखातही वाटून गेलं, एका पेल्यातून तरी सुटले."

"मग बोलली का नाहीस?"

"तू पेला घेऊन उभी राहायचीस ना, हुबेहूब आईसारखी. वाटायचं, तुला आई हवी आहे. म्हणून पीत होते."

हे ती हळू नाही बोलली. स्वच्छ, खणखणीत बोलली, काचेच्या खोलीत बोलायची तशी. इतकी वर्षं घरी झिजू नये म्हणून जपलेला तो आवाज आता ऐकायला माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.