वाटणीतली पेटी

जयरामची मोटार डावीकडे कलायला लागली, त्याला बरेच महिने झाले होते. आसनगाव स्टेशनवरून शहापूरला येणारे उतारू ते धरूनच चालायचे. अंगानं भरलेला माणूस आपण होऊन उजवीकडे बसायचा. जयरामलाही त्यात काही वावगं वाटेनासं झालं होतं. माणसाला कशाचीही सवय होते, तशी ती त्याला झाली.

पण त्या दिवशी खड्ड्यात चाक गेलं आणि खालून नुसता धक्का नाही, टणकन आवाज आला. घरी येऊन त्यानं पुढचं डावं चाक जॅकवर उचललं, कमानीचे, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगचे, लोखंडी पाटे रॉकेलनं पुसले आणि पहार घालून हलवून बघितलं. टोकाच्या कडीत पिनेभोवती नळीसारखा त्यानंच बसवलेला लाकडी बुश झिजून चोथा झाला होता. कोयत्यानं तासून, तेलात उकळून बसवलेला. खरा बुश महायुद्धामुळं कुठं मिळत नव्हता. ते चालवून घेता आलं असतं. पण सगळ्यांत वरच्या लांब पाट्याला, जो साऱ्या कमानीला धरून ठेवतो त्याला, केसाएवढी चीर गेली होती, आणि तिच्यात गंज होता. म्हणजे चीर आजची नव्हती. इतके दिवस आपण भरल्या गाडीनं उतार उतरत होतो, हे जयरामच्या ध्यानात आलं.

मोटार बंद म्हणजे चूल बंद. मुंबईत विचारून पाहिलं, या जुन्या गाडीचा पाटा कुणाकडेच नव्हता. आख्ख्या मुलखात तो एकाच ठिकाणी होता: मुरबाडला, बुधूच्या पेटीत.

बुधू त्याचा धाकटा भाऊ. बाप धाऊ वारला तेव्हा पंचांनी भात, बैल, घर सगळं सारखं वाटलं. राहिली मोटार. बुधू म्हणाला, "माजाबी वाटा हाय." आता मोटार काय भोपळा आहे चिरायला? पंचांनी दिवसभर डोकं खाजवलं आणि निवाडा केला: गाडी थोरल्याला, सुट्या भागांची पेटी धाकट्याला. गाव पोट धरधरून हसलं. दोघं भाऊ हसले नाहीत. बुधू मुरबाडला निघून गेला, सायकली दुरुस्त करू लागला. दोघांच्या बायकांचं येणंजाणं चालू राहिलं, भावांचं बोलणं मात्र तुटलं.

जयराम बैलगाडीनं किन्हवलीवरून मुरबाडला पोचला. वाटेत त्यानं बोलणं चांगलं घोळून ठेवलं होतं. बुधू घरी नव्हता, त्याच्या बायकोनं, सकुबाईनं डोक्यावर पदर घेत पाणी दिलं.

"पेटी हाय का अजून?" जयराम एवढंच बोलला.

"बगा की," म्हणत तिनं ती ओढून पुढं आणली. आत एकेक पिन, एकेक बुश ग्रीस लावून जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेला. तळाशी लांब पाटा, गंजाचा ठिपकाही नाही. झाकणावर वाळका झेंडू चिकटला होता.

"दर दसऱ्याला हे पुसत्यात, हार घालत्यात," सकुबाई म्हणाली. "लोक म्हनत्यात, गाडी नाय आन पूजा कसली. कल्याणचा शेट मागाया आलेला, त्याला म्हनले, ही त्या गाडीची हाय, तुमच्या काय कामाची."

जयरामनं घोळवलेलं बोलणं तिथंच विरलं. त्याला वाटत होतं, पेटी कधीच विकली गेली असेल. तसं वाटून घेणं सोपंही होतं.

बुधू आला. भावाला पाहून दारातच थांबला. जयरामनं पाट्याला चीर गेल्याचं सांगितलं, मागितलं काहीच नाही. बुधूनं ऐकून घेतलं आणि पेटीची एक कडी धरली. "धर दुसरी," तो म्हणाला. "पन बसवनार मी. तुझा हात घाईचा हाय."

दुसऱ्या दिवशी शहापूरला बुधू गाडीखाली शिरला. लाकडी बुश हातात येताच त्यानं तो अंगणात भिरकावला. "आसल्या गाडीत लोकं बसवत व्हतास, दादा?" जयरामनं पाना पुढं केला. दोघांनी मिळून कमान उतरवली, नवा पाटा घातला, पितळी बुश ठोकले, नट आवळले. दादा हा शब्द जयरामच्या कानात सारखा घुमत राहिला.

जॅक काढला. डावी बाजू आता उजवीपेक्षा बोटभर वर राहिली.

"हे जोडीनं बदलाया पायजेत," जयराम म्हणाला. "बापानं पाटे दोन ठेवलेले. दुसरा कुटं?"

बुधू हात पुसत बसला. "वाटणी झाली त्याच साली लोहाराला दिला. डोक्यात राग व्हता. म्हनलं, याची गाडी आनि माझं लोखंड. दोन कोयते झाले. एक माझ्याकडं हाय."

"आन दुसरा?"

बुधूनं कुडाच्या भिंतीकडे बोट केलं. तिथं जयरामच्या बायकोचा, जनाबाईचा कोयता खोचलेला होता. पोरीच्या बारशाला सकुबाईनं आणला होता. इतकी वर्षं भाताच्या राबासाठी फांद्या तोडून त्याची धार उतरली नव्हती, आणि जयराम जो भेटेल त्याला त्याचं कौतुक सांगायचा. लाकडी बुशही त्यानं त्याच कोयत्यानं तासला होता.

"सकूनं दिलेला," तो म्हणाला.

"सकूच्या हाती मी दिलेला."

जयरामनं कोयता काढून हातात धरला. तो धारेवरून अंगठा फिरवत राहिला. बुधू गाडीकडे बघत होता.

"आता ती उजवीकडं कलंल," बुधू म्हणाला. "डावीकडं कुनीतरी जड मानूस बसवाया लागंल."

बुधू लहानपणापासून अंगानं आडवा. जयरामनं कोयता परत कुडाला खोचला आणि डावीकडचं दार उघडून धरलं.

"तू बस," तो म्हणाला. "रोजचा."